सतरावं समीकरण

रशियातल्या दुब्ना या भौतिकशास्त्रज्ञांच्या गावात तेव्हा व्होल्गेवर पूल नव्हता. सप्टेंबरातल्या एका भुरभुर पावसात माझी होडी चुकली, आणि मागून धापा टाकत आलेल्या एका उंच तरुणाचीही. त्याने न विचारताच छत्री माझ्या डोक्यावर धरली, स्वतः अर्धा भिजत राहिला. बोलता बोलता कळलं, हाच तो ग्लेब अर्सेन्येव. जड मेसॉन नावाचे कण कसे मोडतात यावरच्या ज्याच्या शोधनिबंधावर माझा अख्खा प्रबंध उभा होता, तो!

मग रोज चारला उपाहारगृहात लिंबू घातलेला चहा सुरू झाला. तो समजावायचा, मेसॉनमधले दोन क्वार्क संथ आहेत असं धरलं की उत्तर फसतं; ते फार जोरात धावतात, म्हणून सापेक्षतेची दुरुस्ती जोडावी लागते. मी ऐकायचे कमी, त्याच्या खडू लागलेल्या बोटांकडे बघायचे जास्त...

आणि नेमकी त्याच दुरुस्तीत मला चूक सापडली. सतराव्या समीकरणात अधिकच्या जागी वजा हवं होतं. तीन दिवस त्याला टाळून मी गणित पुन्हा पुन्हा केलं. उत्तर तेच. गुरुवारी माझं व्याख्यान होतं, आणि त्याच महिन्यात त्याच्या कायम नोकरीचा निर्णय.

बुधवारी नदीकाठच्या बाकावर मी कागद त्याच्यापुढे धरला.

"ग्लेब इगोरेविच, हे... तुम्हीच बघा." मी नेहमीसारखं आदराने, वडिलांच्या नावासकट म्हटलं.

तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

"कुणाला सांगितलंस?"

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणत होता.

"कुणालाच नाही."

"मग उद्या सगळ्यांना सांग. माझं नाव घेऊन."

"आणि तुमची नोकरी?"

"ती मिळेल तेव्हा मिळेल. हे चिन्ह असंच राहिलं तर मला झोप लागणार नाही, ताया."

गुरुवारी मी सांगितलं. तेवढ्यात ग्लेब उठला, फळ्यापाशी आला आणि त्याने स्वतःच्या हाताने अधिक पुसून वजा लिहिलं. नवं उत्तर प्रयोगातल्या आकड्याच्या अगदी शेजारी जाऊन बसलं. नोकरी त्याला मिळाली, पण वर्षभर उशिरा.

त्या गुरुवारी दुपारी, व्याख्यानानंतर, बाहेर पाइनच्या झाडांखाली तो रेंगाळला.

"तीन दिवस चहाला आली नाहीस. मला वाटलं – दुसरं कुणी असेल."

"दुसरं कुणी नाही."

"मग... पहिलं कुणी?"

"आहे. पण जरा मठ्ठ आहे."

"मठ्ठ माणसाला नीट सांगावं लागतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"तू," मी म्हटलं. "तूच, ग्लेब."