सळईचा देव

“फुडं सरकू नको, खडी वाजती,” म्हणत धनश्रीनं करणला मागं ओढलं. दिवाळीच्या सुट्टीत सोनईहून आलेल्या या मावसभावाला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच! दोघं टणटणीच्या झुडपाआड दबा धरून बसली होती आणि समोर सळईचं झाड होतं.

सळईचा डिंक धुपाला लागतो, अत्तरालाही. बोटभर साल खरवडायची, डिंक घ्यायचा आणि झाडाला दम खाऊ द्यायचा, ही धनश्रीच्या वडिलांची, अण्णांची रीत. ऊसतोडीला निघताना झाड त्यांनी धनश्रीवर सोपवलं होतं. आणि आता कुणीतरी कुऱ्हाडीनं खोड सोलून डिंक ओरबाडत होतं.

चोर आला. तो तिचा सख्खा चुलता होता, हनुमंतकाका. आरतीशिवाय घास न घेणारा माणूस! धनश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण काकाला जाब विचारला तर कानाखालीच बसली असती.

“देवभोळ्याला देवच दाखवू,” करण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघांनी तेलात कालवलेला शेंदूर खोडावरच्या घावांना फासला. दुपारी काकानं कुऱ्हाड उगारली, शेंदूर पाहिला आणि झाडापुढं आडवाच पडला. झुडपाआड दोघांना हसू आवरेना. काकानं गावापुढं कबुली दिली, की अत्तरवाल्याला डिंक आपणच देत होतो. चोर आम्हीच हेरला होता, ही फुशारकी करणनं लगेच मारून घेतली.

पण सळईत देव निघाला म्हटल्यावर गाव थोडंच गप्प बसणार? ओटा बांधायचं ठरलं. पाप फेडायला काका स्वतः टिकाव घेऊन आला आणि बुंध्याभोवती खणू लागला. मुळं तटातट तुटताना पाहून धनश्री ओरडली, “देव न्हाई हितं! शेंदूर आमीच लावलाय!”

टिकाव थांबला. सगळे गावातल्या वडीलधाऱ्या भागूबाईंकडं बघू लागले. त्यांनी धनश्रीच्या तोंडावरून मायेनं हात फिरवला.

“व्हय, बाई. पन लावायची बुद्धी तुला कुनी दिली?”

माणसांनी हात जोडले. सरपंचांनी दोघांना शाबासकी दिली, हातात नारळ दिले, अशी पोरं घरोघर हवीत म्हणाले. टिकाव पुन्हा चालू झाला. तुटल्या मुळांना डिंकाचा वास सुटला, तर लोकांना तोही देवाचाच वाटला.

करणनं नारळ वाजवून पाहिला. धनश्री खाली बसून मुळांचे तुकडे ओढणीत गोळा करत राहिली. अण्णांचा फोन आला की काय सांगायचं, ते तिला काही केल्या सुचत नव्हतं.