कपाटामागची ओळ

"माझे बाबा लबाड आहेत का हो, वकीलसाहेब? सरळ सांगून टाका."

लेकीनं सरकारी लिफाफा टेबलावर आपटला, तसा वकिलांच्या कपातला चहा बशीत उतरला. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. दोन्ही वेळेला अक्षरं तीच.

अंधत्वाच्या भत्त्यासाठी तिच्या वडिलांचा अर्ज फेटाळला गेला होता. वकिलांनी अपील केलं. अपिलासाठी सरकारी दवाखान्यात डोळ्यांची फेरतपासणी झाली, आणि आता हा अहवाल. 'अर्जदाराने तक्ता दोन्ही डोळ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत अचूक वाचला. खोटा दावा केल्याबद्दल गुन्हा का नोंदवू नये, याचा खुलासा सुनावणीत करावा.'

सुनावणी उद्या अकराला होती.

वकिलांनी पत्र खाली ठेवलं. हाच माणूस गेल्या आठवड्यात याच खोलीत खुर्ची समजून कचऱ्याच्या डब्यावर बसायला निघाला होता.

"भत्ता गेला तर गेला," लेक म्हणाली. "पण या वयात तुरुंग?"

खिडकीशी बसलेल्या बाईंनी हात पुढे केला. "बघू."

त्या खासगी तपासाची कामं करत. तांदळातला खडा वेचावा तसं खोटं नेमकं वेचून काढायच्या, म्हणून सगळे त्यांना चिमटाबाई म्हणत. तोंडावरसुद्धा.

"वडील काय करायचे?"

"बस चालवायचे. एकच मार्ग, तीस वर्षं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका संध्याकाळी राजीनामा देऊन मोकळे झाले. का, ते आजवर सांगितलं नाही." लेकीचा आवाज कडू झाला. "त्याच आठवड्यात स्टॉपवर पडून माझा हात मोडला होता. घरात दुखणं, आणि यांनी हातची नोकरी सोडली!"

"नजर कधी गेली?"

"त्यानंतर. असं ते म्हणतात."

"मोठ्या डॉक्टरांचा अहवाल आहे माझ्याकडे," वकील म्हणाले. "डोळ्यांच्या नसा सुकल्यात. मग तक्ता वाचला कोणी, भुतानं?"

"चला, भुताला भेटून येऊ," चिमटाबाई उठल्या.

दवाखान्यात पहिली गाठ डॉक्टरांशी पडली. ते कागदांच्या ढिगाऱ्यावर सह्या करत होते आणि मान वर करायला तयार नव्हते.

"रुग्णाला मी कशाला बघू? तपासणी ताई करतात. दिवसाला दीडशे माणसं असतात, बाई."

तपासणीच्या ताई मात्र फणकारल्या. "मी खोटं लिहीन? वीस वर्षं झाली मला इथं. त्यांनी वाचलं ते मी लिहिलं. आणि काय वाचलं! पट्टीनं टेबलावर टकटक केलं की पुढची ओळ. कुठं अडखळणं नाही, अगदी गाणं म्हणावं तसं."

"तुमच्या खुर्चीवर बसू?" चिमटाबाई बसल्या. समोर रुग्णाचं स्टूल. तक्ता त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर. "तुम्ही इथूनच तपासता?"

"मग? तक्ता सरकारी छापखान्याचा, सगळीकडे तोच. मला झोपेतही येतो."

वकील घाम पुसत भिंतीकडच्या लोखंडी कपाटाला टेकले. कपाट करकरलं. त्यांनी दचकून मागं पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. तक्त्याचा खालचा भाग कपाटामागे गेला होता. शेवटच्या दोन ओळी दिसतच नव्हत्या!

"हे कपाट कधी आलं?"

"झाले की तीन महिने. शेवटच्या ओळींपर्यंत इथं पोचतंय कोण! का?"

"आणि तपासणी झाली गेल्या महिन्यात!" वकिलांचा आवाज चढला. "जी ओळ चांगल्या डोळ्यांच्या माणसाला दिसत नाही, ती आमच्या काकांनी वाचली? बाई, तुम्ही रकाने घरबसल्या भरलेत!"

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या कपाटाकडे पाहतच राहिल्या. "पण... पण मी ऐकलं हो. देवाशपथ ऐकलं. शेवटची ओळसुद्धा."

रस्त्यावर येईतो वकिलांना पंख फुटले होते. "जिंकलो! उद्या त्या कपाटाचा फोटोच दाखवतो."

"दाखवाल, आणि एका खरं बोलणाऱ्या बाईची नोकरी घालवाल," चिमटाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी बापलेकीला बोलवा. आणि मी काहीही केलं तरी मध्ये बोलू नका. जमेल?"

"प्रयत्न करतो," वकील पडेल आवाजात म्हणाले.

संध्याकाळी ड्रायव्हरकाका लेकीचा खांदा धरून आले. वकिलांना हात जोडून नमस्कार केला, पण तो दाराच्या दिशेनं. चिमटाबाईंनी इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. पाऊसपाणी, गुडघेदुखी, डेपोचे जुने दिवस.

"डेपोत डोळे तपासायचे का हो?"

"दरवर्षी. सगळ्यांची रांग लागायची. पट्टीची टकटक, पुढचा वाचतोय, मागचे ऐकतायत." काका हसले. "एकदाही नापास नाही झालो."

बाईंनी टेबलावरची पट्टी उचलली. त्यांचा आवाज एकाएकी कोरडा, हुकमी झाला. "चला, पुढचा! डावा डोळा झाका. वाचा!"

टक.

काकांचा हात आपोआप डाव्या डोळ्यावर गेला. पाठ ताठ झाली. आणि तोंडातून अक्षरं सुटली. टक, दुसरी ओळ. टक, तिसरी. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडून ओवी यावी तशी, एका लयीत, न थांबता, पार शेवटच्या ओळीपर्यंत.

वकिलांनी काकांच्या समोर पाहिलं.

समोर कोरी भिंत होती.

काकांनी पंजा तोंडावर दाबला, पण उशीर झाला होता. लेक जागच्या जागी थिजली.

"त्या दिवशी त्या खोलीत तक्त्याकडे कोणीच पाहत नव्हतं," चिमटाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ताईंना तो पाठ, यांनाही पाठ. एकानं म्हटलं, दुसऱ्यानं ऐकलं, आणि मध्ये कपाट आलंय हे दोघांनाही कळलं नाही. ताई स्वतःच म्हणाल्या होत्या, गाणं म्हणावं तसं. वाचणारा माणूस अडखळतो, वकीलसाहेब. बारीक अक्षरांपाशी डोळे बारीक करतो. न अडखळता म्हटलं जातं ते फक्त पाठ केलेलं."

"पण काकांना तर या तपासणीत नापास व्हायचं होतं!"

"तीस वर्षं पास व्हायची सवय. टकटक ऐकली आणि जीभ धावली. होय ना, काका?"

काकांनी मान हलवली. "तोंड आवरेना. घरी आल्यावर कळलं, मी काय करून बसलो. सांगणार कसं? पाठ कधी केलं, असं विचारलं असतं."

"मीही तेच विचारते. डोळे ठीक असलेला माणूस तक्ता पाठ करत नाही. दिसेनासं झालं ते राजीनाम्याच्या आधी. किती आधी?"

काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"चार वर्षं," काका म्हणाले. "आधी कडा गेल्या, मग मधलं. वळणं अंगात होती, स्टॉप मोजलेले होते. उतारू चढले की पायरीवरून कळायचं."

त्या बसनं वकील स्वतः कित्येकदा कचेरीत आले होते.

"मग एकाएकी का सोडली?" बाईंनी विचारलं खरं, पण त्या पाहत होत्या लेकीकडे.

लेकीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "बाबा," ती म्हणाली. "त्या आठवड्यात..."

"तू प्लास्टर घालून घरी आलीस," काका म्हणाले. "सांगितलंस, मागून बस अंगावर आली, उडी मारली म्हणून वाचले. कुठला स्टॉप, किती वाजता, तेही सांगितलंस. पोरी, ती माझी फेरी होती. चाक कडेला चढून आदळलं, तेही मला कळलं नव्हतं. वाटलं, खड्डा असेल."

लेक उठून भिंतीपाशी गेली. तिथं कोणाकडे पाठ करून उभी राहिली, तिचं तिलाच ठाऊक.

वकिलांनी कोरा कागद पुढे ओढला. "कायद्याचं सांगतो. हे उद्या बोललो, तर खोटा दावा केल्याचा आरोप टिकणार नाही, भत्ताही मिळेल. पण चार वर्षांची चौकशी मागे लागू शकते. नाही बोललो, तर कपाटाचा फोटो आहे. त्यात ताईंची नोकरी जाईल."

"त्या बाईचा काय दोष?" काका म्हणाले. "लिहा. सगळं लिहा."

"लिहीन हो. पण पुरावा? चार वर्षं दिसत नव्हतं, हे तुमच्या तोंडचं. डेपोच्या कागदांवर तुम्ही दरवर्षी पास आहात. साक्षीदार कुठून आणू?"

काका आवाजाचा अंदाज घेत मान इकडेतिकडे वळवत होते, लेक नेमकी कुठे आहे ते शोधत.

ती भिंतीकडून वळली. डोळे कोरडे होते.

"साक्षीदार म्हणून माझं नाव घाला, साहेब. स्टॉपवर उभी असलेली मी ड्रायव्हरला दिसले नव्हते, हे मी सांगेन. माझ्या हाताला प्लास्टर घातलं त्या दवाखान्यात तारीख-वेळेसह कागद असतील, सकाळी घेऊन येते." मग ती वडिलांकडे वळली. काकांनी हात पुढे केला होता. तिनं तो धरला नाही.

"उद्या मी साक्ष देईन, बाबा. खरी ती देईन," ती म्हणाली. "बाकीचं आपण घरी बोलू."