परक्या साधनावर आपला शिक्का

विनाचालक रिक्षा भोंगा वाजवत अगदी पाठीशी येऊन थांबली, तरी ऋजुताला काहीच ऐकू आलं नाही. आईनं दंड धरून ओढलं, तेव्हा कुठे ती वळली. नवलच होतं! दहा वर्षांच्या ऋजुताच्या कानात श्रवणयंत्र होतं, आणि त्यातून आईचं ओरडणं स्वच्छ ऐकू येत होतं. मग भोंगाच तेवढा कुठे गेला?

घरी आबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, यंत्र तपासलं. ते ध्वनिशास्त्रज्ञ आणि शिक्षक. यंत्र चालवणारी 'कानोसा' ही आज्ञावली त्यांनी आणि गावोगावच्या शे-दीडशे जणांनी मिळून लिहिली होती. ती मुक्तस्रोत होती (म्हणजे कुणीही उघडून वाचावी, वापरावी, सुधारावी).

"कानोसा ठीक आहे," आबा म्हणाले. "घोळ 'गलकागाळ'चा आहे."

गलकागाळ हे पूरक साधन (मूळ आज्ञावलीला बाहेरून जोडायची छोटी आज्ञावली). मालेगावच्या युसुफकाकांनी ते एकट्यानं बनवलं होतं. वर्गातला गोंगाट गाळून ते बाईंचा आवाज तेवढा पुढे पाठवायचं. पण गेल्या महिन्यात कानोसाची नवी आवृत्ती आली, आवाज मोजायची पद्धत बदलली, आणि जुन्या गलकागाळला भोंगासुद्धा गोंगाटच वाटू लागला.

"पण ते तुमच्याच कानोसाच्या संकेतस्थळावर, साधनांच्या पानावर होतं ना?" आईनं विचारलं. "कानोसाचा शिक्का बघून घेतलं मी, आबा. वाटलं, तुम्ही तपासलंच असणार."

आबांनी यंत्र खाली ठेवलं. "नव्हतं तपासलं. युसुफ भला माणूस, त्याला परकं वाटू नये म्हणून आपल्या शिक्क्याखाली बसवलं. आम्ही सगळ्यांचंच असं करतो. आता बाहेरचं एकूण एक साधन पानावरून काढतो. कटकटच नको!"

"मग मी वर्गात काय ऐकू? नुसता कालवा?" ऋजुता रडवेली झाली. गलकागाळ येण्याआधी ती पहिल्या बाकावर बसूनही बाईंचे ओठ वाचायची.

आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "शेजारच्या कुंदाताईंचं लोणचं मी आपल्या बरणीतून कुणाला दिलं आणि ते खराब निघालं, तर नाव माझं जाणार. पण म्हणून त्यांच्या लोणच्याबद्दल कुणाला सांगायचंच नाही?"

"त्यांच्याच बरणीतून द्यायचं!" ऋजुता डोळे पुसत म्हणाली. "आणि सांगायचं, हे कुंदाताईंचं. मी चाखलंय, नाहीतर चाखलेलं नाही."

"कधी चाखलं तेही. बुरशी काय सांगून येते?"

आबांनी कपाळाला हात लावला. "शे-दीडशे डोकी आम्ही, आणि हे कुणालाच सुचलं नाही गं!"

त्याच संध्याकाळी पानावर बाहेरच्या साधनांसाठी वेगळा विभाग झाला. प्रत्येकाखाली बनवणाऱ्याचं नाव, कानोसाच्या कोणत्या आवृत्तीवर कुणी आणि कधी तपासलं, काय जमलं, काय नाही. तपासलं नसेल तर तसं ठळक लिहायचं.

"तुमच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या साधनांनासुद्धा हेच नियम हं, आबा," ऋजुतानं बजावलं.

मग आबांनी युसुफकाकांना फोन लावला. "अहो, नवी आवृत्ती येतेय हे आधी कळवायचं तरी!" काका कळवळून म्हणाले. आबांनी माफी मागितली. यापुढे पूरक साधनं बनवणाऱ्यांना महिनाभर आधी कळवायचं ठरलं. शिक्का देण्यापेक्षा ती मदत मोठी होती.

चार दिवसांत नवं गलकागाळ आलं. ऋजुतानं आईबरोबर गल्लीत ते तपासलं आणि ती पानावर त्याखाली लिहायला बसली. 'भोंगा पंचवीस पावलांवरून ऐकू येतो. सायकलची घंटी मागून आली तर ऐकू येत नाही.' दुसऱ्या वाक्यापाशी बोट थांबलं.

"काकांना वाईट वाटेल?"

"वाटेल थोडं," आई म्हणाली. "पण तुझ्यासारखी एखादी मुलगी ते वाचून मागे वळून बघेल."

ऋजुतानं ते वाक्य तसंच ठेवलं. सकाळी त्याखाली नंदुरबारच्या एका मुलीची ओळ होती: 'मी घंटीवर काम करते आहे. काकांनी त्यांची आज्ञावली उघडून दिली आहे. कोण कोण तपासायला येतंय?'