आक्काच्या कळा

खोटं वाटेल, पण मी तिथं होते. १९९६ सालची वैशाखातली भर दुपार. गाव पाथर्डी तालुक्यातलं, माझ्या थोरल्या बहिणीचं, मनकर्णा आक्काचं सासर.

आक्काचं दुसरं बाळंतपण. दिवस भरले होते, म्हणून मी मदतीला गेले होते.

तिचे सासरे भिमाजी ऊसतोडीचे मुकादम. दारात त्यांची जीप उभी असायची.

त्याच हंगामात नेवाशाकडच्या फडावर त्यांच्या टोळीतली छबूबाई अडली होती. तिच्या नवऱ्यानं जीपसाठी पाय धरले.

भिमाजी म्हणाले, "बाया फडातच बाळंत व्हत्यात. माजी जीप घान व्हईल."

छबूबाई दिवस मावळेपर्यंत ओरडत होती.

मग आवाज थांबला...

मूल पोटातच राहिलं. दोघंही गेली.

तर त्या दुपारी आक्काची पाणमोट फुटली. नर्सबाई आल्या. पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "कळ जोराची आहे. पोट दगडासारखं झालंय."

आक्का मात्र शांत पडून होती.

"दुखत नाही का गं?" मी विचारलं.

"न्हाई..."

पहिल्या वेळी हिच्या ओरडण्यानं अख्खी आळी गोळा झाली होती!

तेवढ्यात ओसरीवरून किंकाळी आली...

भिमाजी!

मी बाहेर धावले. ते पोट धरून गडबडा लोळत होते. जरा वेळानं शांत झाले. घामानं निथळत होते.

आतून नर्सबाई म्हणाल्या, "आली बघ पुढची कळ."

आणि भिमाजी पुन्हा ओरडले.

दर कळेला असंच. आधी थांबून थांबून. मग लागोपाठ.

"आरं श्रीमंता, जीप काढ! दवाखान्यात ने मला!"

श्रीमंत म्हणजे आक्काचा नवरा. दाजींनी जीपचं दार उघडलं.

मागची सीट रिकामी होती.

तिथून बाईचा आवाज आला...

"जीप घान व्हईल."

दाजींनी दार धाडकन लावलं. मी कशीबशी खोलीत पळाले.

"माजी कंबर कोन चोळतंय गं?" आक्कानं विचारलं.

नर्सबाई तिच्या पायाशी होत्या. मी दारात. चौथं कुणीच नव्हतं.

"हात लई खरबरीत हायती... उसाच्या पात्यांनी चिरल्यावानी..."

"बोलू नकोस. डोकं दिसतंय. आता जोर कर!" नर्सबाई म्हणाल्या.

बाळ आलं. लगेच रडलं. मागोमाग वारही पडली. आक्काच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

आता बाहेरही शांत व्हायला हवं होतं.

झालं नाही...

दाजींनी शेजाऱ्याच्या टेम्पोतून भिमाजींना नगरला नेलं. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. भिमाजी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगले. तोवर रोज कळा. रोज, "छबू, सोड गं मला..."

पाचवीच्या दिवशी मी आक्काला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"न्हाई. लई मायेनं चोळत हुती. बाळ बाहेर आलं तवा कानाशी बोलली..."

"काय?"

आक्कानं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"म्हनली, तुजी सुटका झाली, पोरी. माजी अजून व्हायचीय."

भिमाजी गेल्यावर तरी ती झाली का, मला माहीत नाही. आक्का बोलावते. मी जाते, जेवते, आणि दिवस मावळायच्या आत परतीची एसटी धरते.