पाचव्या बाराला अडणारं रिव्हॉल्व्हर

“झाकणं उघडण्यासाठी असतात, ऑडेट. ही बरणी तू बंद केलीस की वेल्डिंग करून आणलीस?”

डेल्मर प्रिंगल खारातल्या काकड्यांची बरणी पोटाशी धरून पुटपुटत होता. चेहरा लाल झाला होता, झाकण जागचं हलत नव्हतं.

“जेवणाआधी तुझा हात आत जाऊ नये म्हणून आवळलीय,” ऑडेट वर न बघता म्हणाली.

ऑडेट प्रिंगलने बावीस वर्षं एका विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले होते. नंतर तिने खासगी हेराचा परवाना काढला आणि ऑल्डर बेंड गावात औषधांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या एवढ्याशा गावात हेराला काम मिळायचं ते हरवलेल्या गाईंचं आणि पळालेल्या नवऱ्यांचं. डेल्मर तिच्या दिवंगत नवऱ्याचा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. पोरं मोजता मोजता त्याला दिसेल ते मोजायची खोड लागली होती. याखेरीज त्याच्या डोक्याला फारसा त्रास नसे.

दार ढकलून लोर्ना स्टोकी आत आली. गावातलं बंदुकांचं दुकान तिचं, दुरुस्तीही तीच करायची. तिने टेबलावर फडक्याचं गाठोडं सोडलं. आत एक आखूड, हलकं, मोठ्या बोराचं, म्हणजे रुंद भोकाच्या नळीचं रिव्हॉल्व्हर होतं. सहा घरांचं चक्र उघडं आणि रिकामं.

“महिन्याभरातलं तिसरं,” ती म्हणाली. “आधी डेंटिस्टचं, मग बेकरीवाल्या बाईंचं, काल टॉलिव्हर मास्तरांचं. तिघांनीही नवंकोरं माझ्याकडून घेतलेलं. मैदानावर नेमबाजी करताना मध्येच चक्र अडतं, फिरतच नाही.”

“कितव्या बाराला?”

“हे पाचव्या. आधीची दोन्हीही पाचव्या नाहीतर सहाव्या.”

“पहिल्या-दुसऱ्याला कधीच नाही?”

“नाही.”

“आणि तुझ्याकडे आलं तेव्हा चक्रात काय होतं?”

“उरलेली काडतुसं. मी काढली.”

“कुठायत?”

“टाकली.” लोर्ना खिडकीबाहेर बघू लागली. “कुणीतरी मुद्दाम खोडी करतंय, ऑडेट. रविवारी नेमबाजी क्लबची सभा आहे. नव्या सदस्यांनी माझ्याकडून बंदूक घेऊ नये, असा ठराव कासलर आणतोय. तो मंजूर झाला की मी दुकानाला कुलूप लावायचं. आणि सभेत ठराव वाचून दाखवणार कोण, तर अध्यक्ष. म्हणजे बाबा!”

तिचे वडील हार्लन स्टोकी. क्लब त्यांनीच काढलेला. वय एकोणऐंशी. गावातल्या निम्म्या लोकांना बंदूक कशी धरायची ते त्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे अख्खं गाव त्यांना पॉप म्हणायचं.

“बाबा म्हणतात, माझ्या पोरीच्या कामात खोट काढणाऱ्याला मी मैदानावर पाय ठेवू देणार नाही. ब्लडप्रेशर वाढवून घेतलंय त्यांनी.”

ती गेल्यावर डेल्मर म्हणाला, “मला कधीपासून एक मोठ्या बोराचं घ्यायचंच होतं. मैदानावर नेमासाठी उभा केलेला तो लोखंडी मेंढा एकदा तरी पाडायचाय. मी गिऱ्हाईक होऊन जाऊ?”

“डेल्मर, कधी कधी तू मला घाबरवतोस,” ऑडेट म्हणाली. “शहाणपणाने.”

*

लोर्नाच्या दुकानात शनिवारी सकाळी बंदूक निवडायचा कार्यक्रम झाला. ऑल्डर बेंडमध्ये हे काम एकट्याने करता येत नाही. बंदुकीचं तेल घ्यायला आलेला सुतारही दोन मतं देऊन गेला.

“आधी सांग, करायचं काय आहे?” लोर्नाने विचारलं.

“मेंढा पाडायचाय.”

“मग बोर मोठाच हवा. शंभर यार्डांवरचा लोखंडी मेंढा छोट्या गोळीला हसतो. आता हे धर.” तिने एक लांब नळीचं, भरभक्कम रिव्हॉल्व्हर हातात दिलं. “चक्र हलवून बघ, डुगडुगतं का? नाही ना? चाप ओढ. मध्ये अडखळतो? नाही. मूठ हातात पुरते? झालं तर. दिसायला कसं आहे ते कपाटात मिरवायच्या बंदुकीचं बघायचं.”

“जड आहे गं.”

“जडच घे. धक्का बंदूक खाते, तुझं मनगट नाही.”

डेल्मरची नजर मात्र काचेच्या कपाटावर होती. वरची अख्खी फळी रिकामी होती. धुळीत फक्त आखूड रिव्हॉल्व्हरांचे ठसे राहिले होते.

“सात,” डेल्मर मोजून म्हणाला. “सात होती इथे. हलकी, चकचकीत. विकली गेली?”

“आत ठेवलीत,” लोर्ना घाईने म्हणाली. “जड घे, डेल्मर. माझं ऐक.”

“पण आम्हाला हलकंच हवंय,” ऑडेट गोड आवाजात म्हणाली. “त्याच्या मनगटाची जबाबदारी माझी.”

लोर्नाने आत जाऊन एक आखूड रिव्हॉल्व्हर आणलं. सरकारी कागद भरून होईपर्यंत तिने दोनदा तरी विचारलं, “नक्की?”

*

मैदानावर पॉप वाटच बघत होते. नव्या बंदुकीची बातमी त्यांच्यापर्यंत बंदुकीआधी पोचायची. त्यांच्या काखेत कॉफीचा रिकामा झालेला पत्र्याचा डबा होता आणि त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर थरथरत्या अक्षरात ‘डेल्मर’.

“पन्नास,” पॉप म्हणाले. “परवा रात्रीच भरली. घरचा माल!”

ही इथली रीत. नवी बंदूक घेतली की पॉपच्या हातची पन्नास काडतुसं मिळायची. पुढेही प्रत्येकाने त्यांच्याकडूनच डबा भरून न्यायचा आणि उडवलेल्या पितळी पुंगळ्या झाडून त्यांच्या बादलीत टाकायच्या, म्हणजे ते त्या पुन्हा भरणार. दुकानातली काडतुसं घेऊन या मैदानावर येणं म्हणजे लग्नघरी स्वतःचा डबा नेऊन जेवायला बसणं.

“दुकानातली ती रुपेरी पुंगळीवाली घेत नाही ना कुणी?” ऑडेटने विचारलं.

“माझ्या मैदानावर? पितळ ते पितळ. रुपेरी नखरे मी बादलीत येऊ देत नाही.” पॉपनी थर्मास डेल्मरपुढे केला. “एवढं फिरव रे झाकण. माझी सकाळ अजून झाली नाही.”

डेल्मरने झाकण दोन बोटांनी फिरवलं. “हे तर सैल आहे, पॉप.”

“हो का? चांगलं आहे,” पॉप म्हणाले आणि कप दोन्ही हातांनी धरून प्याले.

मैदानाची व्यवस्था मार्लिस बघायची. लॉकरच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला. ऑडेटने तिच्यापासून सुरुवात केली.

“तुझ्याकडेही लोर्नाकडचंच हलकं रिव्हॉल्व्हर आहे ना? अडतं?”

“दोन वर्षांत एकदाही नाही. नशीब.” मार्लिसने नुकतेच सहा बार काढले होते. बोलता बोलता तिने पुंगळ्या गोळा केल्या आणि जॅकेटच्या खिशात टाकल्या. खिसा वजनाने लोंबत होता. चालली की खुळखुळायचा.

“काडतुसं पॉपची?”

“मग कुणाची? हा काय डबा!” डब्यावर ‘मार्लिस’ लिहिलं होतं. चिकटपट्टी पिवळी पडून कडा उचकटल्या होत्या.

पलीकडच्या बाकावर ड्वाइट कासलर होता. हमरस्त्यावरचं मोठं खेळसाहित्याचं दुकान त्याचं.

“ठराव का आणतोस रे?” ऑडेटने सरळच विचारलं.

“तीन बंदुका अडल्या. आता चौथ्याने काय करायचं, गोफण घेऊन यायचं?” कासलर म्हणाला, पण तिच्या नजरेला नजर देईना. “लोर्नाचं वाईट व्हावं असं नाही गं. काहीतरी कारण सांगायला हवं ना लोकांना.”

“कारण सांगायला हवं,” ऑडेट म्हणाली. “छान बोललास.” तिचा रुमाल खाली पडला. तो उचलताना तिला कासलरच्या बाकाखाली एक पुंगळी दिसली. रुपेरी.

तेवढ्यात डेल्मरने बार काढायला सुरुवात केली. हलकं रिव्हॉल्व्हर दर बाराला त्याच्या हातात घोड्यासारखं उसळत होतं.

“एक... दोन... आई गं... तीन... चार...”

पाचव्याला चाप ओढला आणि काहीच झालं नाही. चक्र घट्ट अडलं होतं. मेंढा जागेवर उभा होता.

“झालं,” मार्लिस पुटपुटली. “पुन्हा लोर्नाची बंदूक.”

ऑडेटने नळी लक्ष्याकडेच ठेवून रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, कडेने निरखून पाहिलं आणि बऱ्याच खटपटीने चक्र बाहेर काढलं. न उडालेली दोन काडतुसं तिने रुमालात बांधली. मग मार्लिसकडे वळली.

“तुझी सहा काडतुसं उसनी दे.”

“माझी? का? त्याचा डबा भरलेला आहे की.”

“दे गं.”

मार्लिसने पॉपकडे पाठ करून सहा काडतुसं दिली. डेल्मरने सहाच्या सहा उडवली. एकदाही अडलं नाही. सहाव्याला मेंढा पडला. त्याने बाकाला इतक्या आनंदाने मुका दिला की ओठात लाकडाचं कुसळ घुसलं.

*

रविवारी क्लबच्या लाकडी खोलीत हकलबेरीची फळं भरून भाजलेला ‘पाय’ कापून झाला तरी कुणी खात नव्हतं. अध्यक्षांच्या खुर्चीत पॉप बसले होते. समोर त्यांचा थर्मास, तसाच बंद. ठरावाचा कागद त्यांनी उलटा ठेवला होता.

“आधी ऑडेट बोलेल,” ते गुरगुरले. “माझ्या पोरीच्या बंदुकांना हात कुणी लावला ते मला कळू दे.”

“कुणीच नाही,” ऑडेट म्हणाली. “लॉकरच्या किल्ल्या मार्लिसकडे, म्हणून मला आधी तिचाच संशय आला. पण डेल्मरची बंदूक दुकानातून थेट मैदानावर आली. मध्ये कुणी शिवलं नाही. तरी अडली.”

“म्हणजे दोष बंदुकीचाच!” कुणीतरी मागून म्हणालं.

“तसं असतं तर ती मार्लिसच्या काडतुसांनीही अडली असती. त्या सहांनी मेंढा पाडला.”

“पाडला,” डेल्मर म्हणाला. “लिहून ठेवा कुणीतरी.”

ऑडेटने टेबलावर दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी केली.

“दोन्ही डेल्मरच्याच डब्यातली. हे डब्यातून आत्ता काढलं. हे चार बार होईपर्यंत चक्रात बसून होतं, स्वतः उडालं नाही. बघा.”

सगळे वाकले. जुळ्या बहिणी उभ्या राहाव्यात आणि एकीने टाचा उंचावाव्यात, तशी दुसऱ्याची गोळी पुंगळीतून वर आली होती.

“पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळलेलं असतं. ते सैल राहिलं तर प्रत्येक बाराच्या धक्क्याने शेजारच्या घरातल्या गोळ्या थोड्या थोड्या पुढे सरकतात. एका बाराला केसभर. चार-पाच बार झाले की गोळीचं टोक चक्राबाहेर येतं, चौकटीला अडतं, चक्र थांबतं. म्हणून पहिल्या-दुसऱ्याला कधीच नाही. आणि म्हणूनच हलक्या बंदुकीत. जड बंदूक धक्का स्वतः खाते.”

“मग माझी हलकी असून का अडत नाही?” मार्लिसने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

“खिसे रिकामे कर, मार्लिस.”

मार्लिसने आढ्याकडे पाहिलं. मग दोन्ही खिसे टेबलावर उलटे केले. रुपेरी पुंगळ्या घरंगळत ‘पाय’च्या बशीपर्यंत गेल्या.

“चोवीस,” डेल्मर म्हणाला.

“तुझीही रुपेरीच, ड्वाइट. बाकाखाली एक राहिली होती. डबा पॉपचा, आत माल दुकानातला. इथे अजून किती जण आहेत असे?”

एक हात हळूच वर झाला. मग दुसरा. मग सुताराचा. बघता बघता खोलीभर हात झाले. त्यात डेंटिस्ट, बेकरीवाल्या बाई आणि टॉलिव्हर मास्तर हे तिघेच हात खाली ठेवून इकडेतिकडे बघत होते.

“नवे तेवढे अडकले,” ऑडेट म्हणाली. “जुन्यांना माहीत होतं. नव्यांना कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे मोठ्याने बोलायला लागतं. त्यापेक्षा लोर्नाचं नाव खराब होऊ देणं सोपं होतं.”

कासलरने मान खाली घातली.

“आणि सगळ्यात आधी कुणाला कळलं? अडलेली बंदूक उघडणाऱ्या कारागिरालाच ना? वर आलेली गोळी तिला पहिल्याच मिनिटाला दिसली असणार. म्हणून तिने ती काडतुसं टाकून दिली. हलकी रिव्हॉल्व्हरं कपाटातून उचलून आत नेली, येणाऱ्या प्रत्येकाला जड घे म्हणून विनवलं. आणि माझ्याकडे आली ती चोर शोधायला. कुणीही चालला असता तिला.”

लोर्ना दाराशी उभी होती. तिने नाकारलं नाही.

पॉपनी उंच गोळीचं काडतूस डोळ्यांजवळ नेलं. “पण तोंड सैल राहील कसं? प्रत्येक मी स्वतः आवळतो.”

“शिशाची खेपच वाईट असेल, पॉप!” मार्लिस घाईने म्हणाली.

“यंदा थंडी लांबली ना,” कासलर म्हणाला. “पितळ आकसतं.”

“माझेच हात ओले असतील,” डेंटिस्ट म्हणाला. त्याला आता कुठे समजत होतं.

डेल्मरने थर्मासकडे पाहिलं, मग पॉपच्या हातांकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजायचं सोडून गप्प बसला.

“सांग ना, ऑडेट,” पॉप म्हणाले. “सैल कसं राहील?”

“माझं काम इथे संपलं, पॉप. पुढचं सांगायचा मान माझा नाही.”

लोर्ना पुढे आली. वडिलांसमोरचा थर्मास तिने उचलला, झाकण फिरवलं, कॉफी कपात ओतली आणि त्यांच्यापुढे ठेवली. ठरावाचा कागद कपाखाली सारला. मग खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“बाबा, काडतुसं आवळायच्या यंत्राची दांडी आता तुमच्याकडून खालपर्यंत दाबली जात नाही. हात थकलेत तुमचे. उद्यापासून दांडी मी ओढेन. तुम्ही शेजारी बसायचं आणि नेहमीसारखं माझं चुकतंय म्हणून ओरडायचं.”