न चढलेल्या पायऱ्या

शिक्षक विरुद्ध पालक असा बॅडमिंटनचा सामना होता. वय विसरून मी एका शटलसाठी उडी मारली आणि उजव्या टाचेमागचा टेंडन अर्धा फाटला. शटल बाहेरच जात होतं, हे नंतर सगळ्यांनी आवर्जून सांगितलं.

सर्जनने घोट्याला सेन्सरचा पट्टा बांधला. पाऊल, पायरी, टाचेवरचा भार, सगळं तो टिपणार. दुखलं की मी मोबाइलवर शून्य ते दहामधला आकडा टाकायचा. पाय शांत राहिला तर टेंडन जुळेल, नाहीतर कापाकापी आणि सहा महिने पलंग.

फिजिओथेरपिस्ट माझी जुनी विद्यार्थिनी. त्यामुळे माझ्या शब्दावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. पहिल्याच आठवड्यात तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. रोज दुपारी चार वाजता चौदा पायऱ्या चढल्याची नोंद होती.

आमचं घर बैठं आहे. चारला मी खुर्चीत, पाय स्टुलावर, हातात कप. बायकोने साक्ष दिली, पण तिच्या पद्धतीने: हे एवढे चढले असते तर माळ्यावरची बॅग नसती का काढून दिली?

पट्टा बदलला. नव्या पट्ट्यावरही चौदाच. चौथा आठवडा संपताना सर्जनने ऑपरेशनची तारीख लिहिली; जिने चढणाऱ्या रुग्णाशी वाद घालायला त्याला वेळ नव्हता. माझ्या टाचेतलं माझ्यापेक्षा पट्ट्याला जास्त कळतं, हे मी मान्य करणार नव्हतो.

“अगं, पण हा माणूस उतरतो कधी?” मी फिजिओथेरपिस्टला विचारलं.

तिने सगळा आलेख मागे नेला. उतरलेली पायरी एकही नव्हती. रोजची चढण कालच्या जागेवरून सुरू होत होती. उंची साठ मीटरच्या आसपास पोचली होती. त्यानंतर तिने मला खोटारडा ठरवणं बंद केलं.

मी म्हटलं, उद्या चारला माझी टाच तुझ्या हातात असेल. बघू कोण चढतं ते.

रविवार असल्याने दवाखाना रिकामा होता. मी टेबलावर पालथा पडलो होतो. स्पिरिटचा वास, रेक्झिनला चिकटलेला गाल, समोर स्क्रीन. तिने दोन्ही हातांनी टाच धरली.

चार वाजले.

एक पायरी. दोन. पाय हलला नाही, पण आतून टेंडन ताणला गेला. वरून कुणी दोरी ओढावी तसा.

“सोडू का?”

“सोडायचं नाही.”

सहा. सात. दुखणं आठवर गेलं. मी मोबाइलवर शून्य टाकलं. नऊवर गेलं. पुन्हा शून्य.

“मी येत नाही,” मी मोठ्याने म्हणालो. कुणाला, ते माहीत नाही.

नवव्या पायरीवर नोंद थांबली.

टेंडन सैल पडला. दुखणं गेलं. आम्ही दोघंही हसलो.

मग रेघ खाली वळली.

एक पायरी उतरली. दुसरी. दहावी. चौदावी. पुढे चालूच.

“सर,” ती हळूच म्हणाली, “चढणारं पाऊल लंगडं होतं. हे लंगडत नाहीये.”

दार लावून घेऊ का, असं तिने विचारलं.

“उघडंच राहू दे,” मी म्हणालो आणि उठून बसलो.

चार वाजून अकरा मिनिटांनी पायऱ्या संपल्या. स्क्रीनवर सपाट जमिनीवरची पावलं दिसू लागली.