दोन भोवऱ्यांचा मावळा

"अमिषा, धाव! याचं डोकं कुणीतरी बदललंय!"

अल्पेशने बुरुजावरचा मावळा उचलून उन्हात धरला होता. अमिषा चिखलाने माखलेले हात घेऊन धावली. मागून अल्पेशची धाकटी बहीण दिपाली आली.

मावळा त्यांचाच होता. हिरवा अंगरखा तोच, मोडका भाला तोच. मुरुडच्या बाजारातून आणलेले त्यांचे सगळे मावळे एकाच साच्यातले होते. सगळ्यांच्या मिशा सारख्या, सगळ्यांचे डोळे सारखेच वटारलेले. या एकाच्या मानेवर मात्र मातीचं नवं डोकं होतं. बोराएवढं. खराट्याच्या काडीवर घट्ट बसवलेलं.

"पण याला तोंडच नाही!" अल्पेश म्हणाला.

खरंच नव्हतं. नाकाच्या जागी जरा चिमटा काढलेला होता, हनुवटीच्या जागी नुसता गोळा.

दिपालीने मावळा हातात घेऊन वरून पाहिला आणि ती खिदळायलाच लागली. "अरे, हे तर तुळशीरामकाका! हे टक्कल बघा. मध्ये तो तीळ!"

तिघांनीही वरून पाहिलं. टकलाचा आकार, कानामागून आलेले विरळ केस, मधोमध काळा तीळ. शेजारचे तुळशीरामकाकाच! समोरून पाहिलं तर कुणीच नाही, वरून पाहिलं तर अगदी हुबेहूब.

"भुताटकी!" अल्पेश म्हणाला.

"भूत खराट्याची काडी कशाला वापरेल?" अमिषाने विचारलं.

अमिषा पनवेलहून दिवाळीच्या सुट्टीत माडबंदरला मामाकडे, अल्पेश-दिपालीच्या घरी आली होती. आई नर्स. ऐन दिवाळीत तिला रजा नव्हती. तिने अमिषाला एसटीत बसवलं, कंडक्टरला दोनदा सांगितलं आणि गाडी हलायच्या आत ती ड्युटीवर निघून गेली. संध्याकाळी तिचा फोन यायचा. "जेवलीस ना?" एवढं विचारून होईतो मागून कुणीतरी तिला हाक मारायचं आणि फोन बंद व्हायचा. मामा होडी घेऊन समुद्रावर, मामी फराळात. सकाळी होड्या गेल्या की बंदराकडे जाणारी गल्ली रिकामी व्हायची. मग माडांच्या झावळ्यांची सळसळ तेवढी ऐकू यायची.

म्हणून किल्ला. तुळशीरामकाकांच्या माडीच्या भिंतीला लागून सावली होती. ताडपत्रीने झाकलेला एक ढीग होता, त्यावर बसता येत होतं. तिथेच त्यांनी तट उभारला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक डोकं बदललेलं होतं. या डोक्यावर मासळीच्या टोपलीखाली ठेवायची चुंबळ होती आणि चुंबळीखालून अबोलीचा गजरा डोकावत होता.

"कोकिळाकाकी!" दिपाली ओरडली. कोकिळाकाकी म्हणजे तुळशीरामकाकांची बायको.

तिसऱ्या दिवशीचं डोकं पाहून दिपाली हसून हसून ताडपत्रीवर आडवी झाली. दाट केस, आणि त्यात एक नाही, दोन भोवरे!

"दोन भोवरे, दोन बायका! अल्पेशदादा, हा तूच!"

अल्पेशचा हात आपोआप डोक्यावर गेला. "पण माझे भोवरे कुणाला माहीत? आईला. आणि सलूनवाल्या काकांना."

ते थेट सलूनमध्ये गेले. काकांनी कात्री खाली ठेवली आणि तिघांकडे पाहिलं. "दिवाळीत मला जेवायला सवड नाही, आणि मी बाहुल्या करतोय? चला, निघा!"

परत आल्यावर अमिषाने तिन्ही डोकी ओळीने मांडली. एकेक डोकं ती फिरवून फिरवून पाहू लागली.

"टक्कल बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "चुंबळ बरोबर, भोवरे बरोबर. पण हनुवटी एकालाही नाही. ज्याने ही केली, त्याला आपण समोरून कधी दिसलोच नाही. तो आपल्याला फक्त…"

ती थांबली आणि तिने मान वर केली.

माडीच्या खिडकीचं एक झडप उघडं होतं. गजाला एक टोपली टांगलेली होती. गजांमधून एक सुरकुतलेला हात बाहेर आला होता. त्या हातातून मासे पकडायचं तंगूस खाली लोंबत होतं आणि तंगुसाच्या टोकाला त्यांचा एक मावळा गिरक्या घेत होता!

"बघितलंस व्हय वर?" आतून खरखरीत आवाज आला. "लय दिवस लागले."

"कोंडाजीआजोबा!" अल्पेश पुटपुटला. "तुळशीरामकाकांचे वडील. पण ते तर कुणाशी बोलत नाहीत! त्यांना माणसांचा कंटाळा आलाय, म्हणून ते खाली उतरत नाहीत, असं सगळे म्हणतात."

"असं म्हणतात काय?" आजोबा हसले. हसता हसता त्यांना खोकला आला.

"आजोबा, तुम्ही हाक का नाही मारली?" अमिषाने विचारलं.

"मारली ना. हाक मारली की जो तो खालूनच विचारतो, 'आबा, काय हवंय?' आता मला काही नकोच असलं, तर काय सांगू?"

दिपालीने मान आणखी वर केली.

"मग खाली या ना!" दिपाली म्हणाली.

"कशावरून येऊ, पोरी?"

तिघं घरात धावली. माजघराच्या कोपऱ्यात, जिथे जिना असायला हवा, तिथे तुळशीरामकाकांची मोटारसायकल उभी होती. तिच्या बरोबर वर, छताला एक चौकोनी भोक होतं. त्यातून वरचा उजेड दिसत होता.

"जिना?" कोकिळाकाकी चकल्या तळता तळता म्हणाली. "अगं, वाळवी लागली व्हती त्याला. पावसाळ्याआधी काढला. स्वप्निल मिस्त्री नवा करणार हाय."

"आणि शिडी?"

"ती गणपतीत मंडपवाल्यानं नेली, ती नेलीच. अन् आबांचा गुडघा दुखतो, शिडीचा काय उपयोग? पण त्यांना कमी न्हाय हां काही! वर मोरी हाय, संडास हाय, टीव्ही हाय. जेवणाची टोपली वेळेवर जाते. ही घ्या चकली."

चकली छान झाली होती. अमिषाने ती न खाताच हातात धरली.

ती परत खिडकीखाली आली. "आजोबा, तुम्हाला खरंच काही नको?"

वर खिडकीचं झडप आणखी थोडं उघडलं.

"माझी बहीण मनू तळा गावाला असते," आजोबा अखेर म्हणाले. "मनुबाई. भाऊबीजेला मी कधी चुकलो न्हाय. आता तिची नजर गेली. आधी हातांनी माझं तोंड चाचपते, म्हणते, 'आला रे कोंडू', मग ओवाळते. फोनवर कसं चाचपणार? तेवढं एक हवंय."

भाऊबीज जवळ आली होती. तिघं कामाला लागली.

तुळशीरामकाका ओट्यावर कंदील बांधत होते. "जिना ना? स्वप्निल लाकूड घेऊन आला की लगेच!"

स्वप्निल मिस्त्री मांडव्याला एका शेठच्या बंगल्याचं काम करत होता. अल्पेशने त्याला फोन लावला. "लाकूड? अरे, ते मी श्रावणातच टेम्पोतून टाकून गेलो! मी तर तुळशीरामशेठच्या फोनची वाट बघतोय."

"टाकलं? कुठे?"

"माडीच्या भिंतीला लागून. ताडपत्री घालून."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ती ताडपत्रीवरून एकदम उठून उभी राहिली. खाली जाड फळ्या होत्या. इतके दिवस ती जिन्यावरच बसत होती!

तुळशीरामकाकांना ती बातमी सांगितली तेव्हा ते फळ्यांकडे पाहून म्हणाले, "अरेच्चा! हे इथेच होतं होय? बरं झालं. दिवाळी होऊ दे, मग बघू."

"पण भाऊबीज?" दिपालीने विचारलं.

"अगं, आबा या वयात कुठे एसटीने धक्के खात जाणार? फोन लावून देऊ आत्याला." काका पुन्हा कंदिलाकडे वळले.

अल्पेश चिडून लाथेने तट उडवणार होता. अमिषाने त्याला धरलं.

"नको. नरक चतुर्दशीला मंडळाची किल्ले स्पर्धा आहे ना? सगळं गाव किल्ला बघायला येणार. आपण त्यांना माडीच दाखवू. माणसांसकट!"

"माणसं कोण करणार?"

"मी," अमिषा म्हणाली. "आजोबा शिकवतील."

आजोबांनी पेणच्या गणपती कारखान्यात उभी हयात डोळ्यांची आखणी केली होती. टोपलीतून शाडूचा गोळा खाली आला, सोबत चिमूटभर कापूस.

"कापूस मातीत मळ, म्हणजे डोकं तडकायचं न्हाय," खिडकीतून आवाज आला. "आता काडीवर मातीचं अंडं बसव. निमुळती बाजू खाली."

अमिषाने अंडं बसवलं. दोन डोळे दाबले, नाक चिकटवलं आणि काडी टोपलीत ठेवली. टोपली वर गेली.

"हा कोण?"

"तुळशीरामकाका."

"हा तर बेडूक हाय!"

अल्पेश आणि दिपाली फिदीफिदी हसली. टोपली खाली आली. डोक्यावर आजोबांनी नखाने एक आडवी रेघ मारली होती, बरोबर मध्यावर.

"सगळे नवशिके डोळे कपाळावर बसवतात. डोळे मधोमध असतात, पोरी. आपल्याला तोंड तेवढं दिसतं, टाळू विसरतो."

अमिषाने स्वतःचा चेहरा चाचपला. खरंच की!

दुसरं डोकं सुकण्याआधीच रंगवलं म्हणून बिघडलं. तिसऱ्याचे डोळे तिने पांढरेशुभ्र रंगवले, तर तो विंचू चावल्यासारखा दिसायला लागला.

"पांढरा लावूच नको," आजोबा म्हणाले. "आधी मातकट रंग सगळीकडे. त्यात तपकिरी पाणी सोड, खळग्यांत आपोआप सावली धरते. मग नाक, गाल, भुवया, जे वर आलंय तेवढ्यावर फिका हात. डोळा म्हणजे एक काळी रेघ. पुरे."

ती दिवसभर ताडपत्रीवर बसून असायची. अल्पेश पतंगाला गेला, दिपाली रांगोळीला. गल्ली रिकामी असायची. वर एक जण, खाली एक जण, मध्ये दोरीवरची टोपली. ते फार बोलत नसत. एकदा आजोबांनी विचारलं, "तुझी आई कशी दिसते?" अमिषाने सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला आईचा चेहरा नीट सांगता येत नाही. फक्त कपाळावर पडणारी बट आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं. तिने तेवढंच सांगितलं.

"तेवढं पुष्कळ हाय," आजोबा म्हणाले.

स्पर्धेच्या सकाळी, पहिली अंघोळ उरकून अख्खं माडबंदर किल्ल्याभोवती जमलं. मंडळाचे अध्यक्ष वाकून पाहू लागले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

तटाच्या मधोमध बुरूज नव्हता, माडी होती. खिडकीत पांढऱ्या केसांचा एक म्हातारा. खिडकीतून दोऱ्याला लटकलेली काड्यापेटीची टोपली. खाली दोन माणसं, एक टकलावर तीळ असलेला, दुसरा कानावर पेन्सिल खोचलेला. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होते. मधोमध पडलेल्या फळ्यांवर एक कोंबडी बसली होती.

"हा तुळशीराम!" कुणीतरी ओरडलं. "आणि हा स्वप्निल! काय डोकी केलीत रे पोरांनो!"

हशा पिकला. दिवाळीसाठी घरी आलेला स्वप्निल गर्दीतच होता. त्याच्या कानावर पेन्सिलही होती. त्याने ती घाईने खिशात टाकली, तेव्हा आणखी हशा.

"पण जिना कुठाय? तुम्ही जिना विसरलात!" अध्यक्ष म्हणाले.

"आम्ही नाही विसरलो," अमिषा म्हणाली आणि तिने बोट वर केलं.

सगळ्या माना वर झाल्या. खिडकीच्या गजांमागे कोंडाजीआजोबा उभे होते. खाली एवढे चेहरे एकदम पाहून ते गोंधळले. त्यांनी नमस्कारासाठी हात जोडले आणि ते तसेच उभे राहिले.

हसू थांबलं. माडांची सळसळ ऐकू आली.

"मी इथून रोज जातो," गर्दीत एक जण हळूच म्हणाला, "वर बघितलंच नाही."

तुळशीरामकाका खाली पाहत होते, किल्ल्यातल्या त्या टकलाच्या माणसाकडे. त्यांनी त्याचं दाखवणारं बोट आपल्या बोटाने अलगद खाली केलं. मग ते वळले. "स्वप्निल, करवत आण. आत्ता. मोटारसायकल मी काढतो."

लक्ष्मीपूजनाला माडीत ठोकाठोक चालली होती, पाडव्यालाही. कठडा मंडळाच्या पोरांनी घासून दिला. भाऊबीजेच्या सकाळी आजोबा एकेक पायरी उतरत आले. शेवटच्या पायरीवर तुळशीरामकाकांनी हात पुढे केला.

"आबा, मी… जेवण वेळेवर जात होतं म्हणून मला वाटलं…"

"व्हय रे. जेवण वेळेवर होतं," आजोबा एवढंच म्हणाले आणि त्यांनी तो हात धरला.

अध्यक्षांनी मुलांना पहिला नंबर दिला. "किल्ले पुष्कळ पाहिले," ते म्हणाले, "पण मान वर करायला लावणारा हा पहिलाच. शाबास!" मामा होडीवरून आले होते, त्यांनी तिघांची पाठ थोपटली. कोकिळाकाकीने चकल्यांचा डबा अमिषाच्या हातात ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

तळा गावच्या एसटीला वेळ होता. आजोबा शाडूचा गोळा घेऊन किल्ल्याजवळ बसले. मग त्यांनी अमिषाची हनुवटी बोटांनी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"हं. अशी हाय होय," ते स्वतःशीच म्हणाले.

एसटी आली. तुळशीरामकाका आजोबांसोबत चढले. गाडी तळा गावाच्या दिशेने गेली, धूळ खाली बसली आणि सगळे आपापल्या घरी ओवाळून घ्यायला पांगले.

संध्याकाळी आईचा फोन आला. पहिल्यांदाच मागून कुणी तिला हाक मारली नाही. "परवा घ्यायला येते," आई म्हणाली. अमिषाने फोन ठेवला आणि ती पणती घेऊन किल्ल्याकडे गेली.

तटावर एक नवा मावळा होता, अजून ओलसर, न रंगवलेला. तिच्यासारख्याच दोन वेण्या, मधोमध भांग. याला नाक होतं, ओठ होते, हनुवटी होती. किल्ल्यातली बाकी सगळी माणसं समोर पाहत होती. ही एकटी मान वर करून पाहत होती.

अमिषानेही सवयीने वर पाहिलं. खिडकीचं झडप उघडं होतं. रिकामी टोपली वाऱ्यावर हळूहळू फिरत होती.